काउंट झिंझेंडॉर्फ, अथवा सरदार भाऊ कसा झाला

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. मनुष्य प्रभूकडे वळतो, जुने कुलाचार सोडतो, बाप्तिस्मा घेतो. परंतु मनातला मीपणा जळलेल्या सुंभाच्या पिळासारखा जसाच्या तसा राहतो. आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत हे आपल्या दृष्टीस पडत नाही काय? कोणाच्या घराण्याचा बाप्तिस्मा आधी झाला, पंचांच्या यादीत कोणाचे नाव वर लिहावे, पूर्वी कोण कोणत्या जातीचा होता, उपदेशकाने आपल्याला न विचारता सभा का भरविली, अशा गोष्टींवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, आणि उपासनेतील त्याची जागा महिनोन्‌महिने रिकामी राहते. गर्व हा श्रीमंतांचा रोग आहे असे गरीब मनुष्य समजतो. पण तो झोपडीतही तितक्याच सुखाने नांदतो.

म्हणून आज आम्ही आपल्या वाचकांपुढे अशा एका गृहस्थाचे चरित्र ठेवीत आहोत की, ज्यांना मोठेपण जन्मतःच मिळाले होते, आणि ते प्रभूच्या पायांपाशी ठेवण्याची खटपट ज्यांनी आयुष्यभर केली. त्यांना ही गोष्ट एकट्याने साधली नाही. सुतार, विणकर व कुंभार अशा भावांच्या संगतीत ती थोडीथोडी साधली. आणि जेव्हा जेव्हा ते त्या भावांच्या वर जाऊन बसले, तेव्हा तेव्हा ती हातची निसटली. हे दोन्ही आम्ही सांगणार आहोत. कारण साधुपुरुषाच्या केवळ गुणांची गोष्ट ऐकून आपण त्याला नमस्कार करतो व जसे होतो तसेच घरी जातो.

निकोलस लुडविग फॉन झिंझेंडॉर्फ यांचा जन्म जर्मनीतील सॅक्सनी राज्याच्या ड्रेस्डेन या राजधानीत ता. २६ मे १७०० रोजी झाला. काउंट ही त्यांच्या घराण्याची पदवी. आपल्याकडील सरदाराच्या किंवा जहागीरदाराच्या मानासारखी ती समजावी. वडील दरबारी मोठ्या हुद्द्यावर होते. परंतु मूल सहा आठवड्यांचे होते तोच ते वारले. पुढे आईने दुसरा विवाह केला, आणि लहान लुडविग आजीच्या वाड्यात वाढला. आजी विदुषी व मोठी भाविक बाई होती. पवित्र शास्त्राचे वाचन, प्रार्थना व गीते यांत त्याचे बालपण गेले. प्रभु येशूला तो आपला खेळगडी समजे, त्याला चिठ्ठ्या लिही, आणि त्या खिडकीतून बाहेर टाकून देई, असे सांगतात. त्या घरात देवाची प्रीती होती. परंतु चाकरमाणसे नेहमी त्या मुलाच्या पुढे लवत, हेही खरे.

१७१० साली, दहाव्या वर्षी, त्याला हाले गावी फ्रांके साहेबांच्या शाळेत घातले. हे फ्रांके म्हणजे अनाथाश्रम, शाळा व छापखाना काढणारे त्या काळचे थोर पाळक होत. घरच्या मंडळींनी त्यांना बजावून ठेवले होते की, मुलगा बुद्धिमान आहे, पण त्याला आपल्या बुद्धीचा गर्व होईल, तेव्हा त्याला दाबात ठेवावे. त्याप्रमाणे त्याला पुष्कळ कडक वागविण्यात आले. तथापि दुसऱ्याने खाली दाबल्याने मनुष्य नम्र होतो असे नाही. तो केवळ दाबला जातो. हालेतील ज्या गोष्टीने त्याच्या मनात खरे बी पेरले, ती वेगळीच होती. फ्रांके साहेबांच्या जेवणाच्या मेजावर त्याने हिंदुस्थानातील तरंगमबाडी येथे सुवार्ता सांगणाऱ्या मिशनऱ्यांच्या हकिकती ऐकल्या. दूरच्या, अनोळखी, निराळ्या वर्णाच्या लोकांसाठी माणसे आपले घर सोडतात, हे त्याने तेथे जाणले. शाळासोबत्यांबरोबर त्याने मोहरीच्या दाण्याच्या नावाचा एक लहानसा संघ काढला. सर्व मनुष्यांवर प्रीती करावी व ख्रिस्ताचे नाव सर्वत्र पोचवावे, असा त्या मुलांचा नेम होता.

पुढे घराण्याच्या इच्छेप्रमाणे ते १७१६ साली विटेनबेर्ग येथे कायदा शिकण्यास गेले. सरदाराच्या मुलाने पाळक व्हावे, ही गोष्ट त्या काळी कुळाला हलकेपणा आणणारी वाटे. १७१९ साली ते देशाटनास निघाले असता ड्युसेलडॉर्फ गावच्या चित्रशाळेत त्यांनी काट्यांचा मुगूट घातलेल्या प्रभूचे एक चित्र पाहिले. मी तुझ्यासाठी इतके सोसले, तू माझ्यासाठी काय करतोस, अशा अर्थाचा प्रश्न त्या चित्राखाली लिहिलेला होता. तो तरुण सरदार त्या प्रश्नापुढे निरुत्तर होऊन उभा राहिला. राजाचे राज्य मिळविलेल्या सेनापतीपुढे नव्हे, तर थुंकलेल्या व फटके खाल्लेल्या राजापुढे आपण उभे आहोत, हे त्यांना त्या दिवशी उमगले. आपले आयुष्य प्रभूचे आहे, ही गोष्ट त्यांच्या मनात आधीच होती. आता ती पक्की झाली. तरी घरच्यांच्या आग्रहास्तव १७२१ साली त्यांनी ड्रेस्डेन येथे सरकारी नोकरी पत्करली. १७२२ साली त्यांनी आजीकडून बेर्थेल्सडॉर्फ नावाचे गाव जमिनीसह विकत घेतले, व त्याच वर्षी एर्डमूट नावाच्या, त्यांच्यासारख्याच भाविक व थोर कुळातील कन्येशी विवाह केला. आपल्या गावच्या कुळांना सुवार्ता ऐकवावी, गावाला चांगला पाळक द्यावा, आणि आपण भला जहागीरदार व्हावे, इतकाच त्यांचा बेत होता. परंतु देवाचा बेत निराळा होता.

शेजारच्या मोराव्हिया देशात जुन्या बंधुमंडळीचे काही लोक लपूनछपून राहिले होते. यान हुस या सत्यवाद्याला १४१५ साली जिवंत जाळण्यात आले. त्याच्या शिकवणीतून १४५७ साली ही बंधुमंडळी स्थापन झाली होती. पुढे राजसत्तेने तिचा इतका छळ केला की, तिच्या सभा बंद पडल्या व पुस्तके जाळली गेली. आणि घरातल्या घरात आजोबाने नातवाला सांगितलेला विश्वास तेवढा उरला. ख्रिश्चन डेव्हिड नावाचे एक सुतार या लोकांत जाऊन त्यांना धीर देत असत. झिंझेंडॉर्फ यांच्या जमिनीवर आसरा मिळेल असे समजताच चाकू-सुऱ्या घडविणाऱ्या नायसर घराण्यातील काही माणसांना त्यांनी रातोरात सीमेपलीकडे आणले. घर, शेत, अवजारे सर्व मागे राहिले. बेर्थेल्सडॉर्फजवळच्या रानात ता. १७ जून १७२२ रोजी डेव्हिड यांनी झाडावर पहिली कुऱ्हाड घातली. तेथे जी वस्ती उभी राहिली, तिला हर्नहूट, म्हणजे प्रभूची राखण, असे नाव पडले. जहागीरदार त्या दिवशी तेथे नव्हते. ते राजधानीत होते.

पाच वर्षांत त्या वस्तीत सुमारे ३०० लोक झाले. मोराव्हियाचे निर्वासित होते, लूथरच्या पंथाचे होते, कॅल्व्हिनच्या मताचे होते, आणि कोणत्याच मंडळीत न बसणारेही होते. सर्वजण आपल्या विश्वासासाठी काही ना काही सोसून आलेले. आणि नेमक्या याच सोसण्याचा त्यांना अभिमान वाटू लागला. ज्या मतासाठी आपण घर सोडले, ते मत शेजाऱ्यासाठी का सोडावे, असे प्रत्येकाला वाटे. प्रभुभोजन कसे द्यावे, उपासना कोणत्या रीतीने चालवावी, यांवरून वाद पेटले. एका उपदेशकाने तर झिंझेंडॉर्फ हेच प्रकटीकरणातील श्वापद होय, असे लोकांना सांगण्यास आरंभ केला, आणि पुष्कळांनी ते खरे मानले. ज्यांनी पहिली कुऱ्हाड घातली, ते ख्रिश्चन डेव्हिडसुद्धा रागावून वस्तीबाहेर निराळे घर बांधून राहिले. वाचकहो, छळाने जे मोडले नाही, ते मानापमानाने मोडावयास आले होते.

आता जहागीरदाराने काय करावे? जमीन त्यांची होती, न्यायनिवाड्याचा अधिकार त्यांचा होता. ज्यांनी त्यांना श्वापद म्हटले, त्यांना एका हुकुमाने हाकलून देता आले असते, व जगाने त्यांना दोष दिला नसता. तसे त्यांनी केले नाही. १७२७ सालच्या वसंतऋतूत त्यांनी नोकरीतून रजा घेतली, आपला वाडा सोडला, आणि हर्नहूटमध्ये त्या भांडणाऱ्या लोकांच्या शेजारी येऊन राहिले. त्यांनी घरोघरी जाऊन प्रत्येकाचे गाऱ्हाणे ऐकण्यास आरंभ केला. दरबारात बसलेला धनी फिर्याद ऐकतो. पण गरिबाच्या घरी बाकावर बसलेला धनी आणखीही काही ऐकतो. तेथे आपल्याविषयीचे बोल ऐकावे लागतात, आणि उठून जाता येत नाही.

ता. १२ मे रोजी त्यांनी सर्वांना एकत्र बोलाविले, व फूट पाडण्याचे पाप किती मोठे आहे याविषयी सुमारे तीन तास ते बोलले. मग वस्तीचे नियम वाचण्यात आले. हर्नहूटचे रहिवासी व त्यांची मुलेबाळे दास्यापासून कायमची मोकळी राहतील, हेही त्यांत होते. ज्या देशात कूळ हे जमिनीबरोबर धन्याचे समजले जाई, तेथे धन्याने आपल्या हाताने हे लिहून देणे लहान गोष्ट नव्हती. लोकांनी एकामागून एक येऊन हातात हात देऊन ते नियम पाळण्याचे वचन दिले. बारा वडील निवडण्यात आले; त्यांपुढे चिठ्ठ्या टाकून चार मुख्य वडील ठरले. त्यांत डेव्हिड सुतार होते, आणि मेल्किऑर निचमान नावाचे एक तरुण विणकरही होते. जहागीरदार कारभारी झाले. आत्मिक गोष्टींत मात्र त्यांना या कारागिरांबरोबर बसून, त्यांचे ऐकून चालावे लागले.

त्याच उन्हाळ्यात दोघांतिघांच्या लहान लहान टोळ्या करण्यात आल्या. पुरुष पुरुषांबरोबर व स्त्रिया स्त्रियांबरोबर बसत, आपले मन उघडे करीत, एकमेकांचे दोष प्रीतीने दाखवीत व एकमेकांसाठी प्रार्थना करीत. मोठ्या सभेत मनुष्य झाकला जातो. तिघांत बसला असता झाकता येत नाही. ज्याला आपण गेल्या महिन्यात शिव्या दिल्या, त्याच्यापुढे आपले पाप कबूल करावयाचे, यापेक्षा गर्वाला कडू असे औषध दुसरे नाही.

याच सुमारास झिंझेंडॉर्फ यांना झिटाऊ गावच्या ग्रंथालयात प्राचीन बंधुमंडळीच्या शिस्तीविषयीचे लॅटिन पुस्तक सापडले. ते त्या मंडळीचे शेवटचे अध्यक्ष कोमेनियस यांनी प्रसिद्ध केलेले होते. आपण नुकतेच जे नियम केले, तशाच तऱ्हेचे नियम या सुतारविणकरांच्या पूर्वजांनी कितीतरी आधी पाळले होते, हे वाचून ते चकित झाले. आपण या गरिबांना आसरा दिला असे ते समजत होते. आता त्यांना दिसून आले की, आपल्याहून जुन्या व श्रेष्ठ अशा ठेव्याची ही माणसे वारस आहेत. त्यांनी त्यातील भाग जर्मन भाषेत करून लोकांना ऐकविले, आणि पुढे ही मंडळी पुन्हा उभी करण्यासाठी आपले सर्वस्व देण्याचा निश्चय केला.

ता. १३ ऑगस्ट १७२७, बुधवार, हा दिवस मोरावियन मंडळी आजही पाळते. त्या दिवशी हर्नहूटचे लोक प्रभुभोजनासाठी बेर्थेल्सडॉर्फच्या देवळाकडे चालत निघाले. वाटेने चालता चालता जे एकमेकांशी बोलत नव्हते ते बोलू लागले. क्षमा मागण्यासाठी कोणी देवळाच्या दारापर्यंत थांबले नाही. देवळात प्रार्थनेच्या वेळी रडण्याचा आवाज गीतांच्या आवाजात मिसळला. कोणाला दृष्टान्त झाला नाही, कोणी नवी शिकवण काढली नाही. इतकेच झाले की, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या दोषाऐवजी स्वतःचा दोष दिसला, व तारणारा दिसला. उपासना झाल्यावर लोक घरी जाऊनही घोळक्याघोळक्याने बोलत राहिले. त्यांचा मेळा मोडू नये म्हणून झिंझेंडॉर्फ यांनी वाड्यातून जेवण पाठविले. मोरावियन मंडळीत प्रीतिभोजनाची जी रीत पडली, तिचा आरंभ असा साधा आहे. त्याच महिन्याच्या २७ तारखेला २४ पुरुष व २४ स्त्रिया यांनी दिवसाचे २४ तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली. ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली असे सांगतात. पुढील वर्षी ता. ३ मे रोजी दुसऱ्या दिवसासाठी एक वचन देण्याची प्रथा सुरू झाली. हे दैनिक वचन घरोघरी पोचविले जाई. १७३१ सालापासून ती वचने पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली, व आजही दरवर्षी पुष्कळ भाषांत निघत आहेत.

परंतु पीळ एका दिवसात जात नाही. १७३० साली स्त्रियांची मुख्य वडील निवडण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा चिठ्ठी आना निचमान नावाच्या मोराव्हियातील गरीब निर्वासित घराण्यातील मुलीच्या नावाने निघाली. तिचे वय अवघे १४ वर्षांचे होते. झिंझेंडॉर्फ यांना हे पसंत पडले नाही, व तिने नकार द्यावा असे त्यांनी सुचविले. प्रभूने दिलेले काम आपण प्रभूपासून घेत आहोत, अशा अर्थाचे उत्तर तिने शांतपणे दिले. काउंटसाहेबांना त्या मुलीपुढे गप्प बसावे लागले, आणि तिने ते काम उत्तम रीतीने चालविले.

१७३१ साली डेन्मार्कच्या राजाच्या राज्यारोहणास ते कोपनहेगन येथे गेले. तेथे त्यांना अँटन नावाचा एक निग्रो गृहस्थ भेटला. सेंट थॉमस बेटावर आपली बहीण व आपले लोक गुलामगिरीत आहेत, आणि त्यांना ख्रिस्ताविषयी सांगणारा कोणी नाही, असे त्याने सांगितले. पुढे तो हर्नहूटला आला. तेथे त्याने असेही सांगितले की, गुलामांना दिवसभर इतके राबावे लागते की, त्यांच्याबरोबर राबणाऱ्यावाचून कोणाला त्यांना शिकविता येणार नाही. हे ऐकूनही लिओनार्ड डोबर नावाचे कुंभार जाण्यास तयार झाले. ता. २१ ऑगस्ट १७३२ रोजी ते व डेव्हिड निचमान नावाचे सुतार निघाले. काउंटसाहेबांनी पहाटे आपल्या गाडीतून त्यांना बाउट्झेनपर्यंत पोचविले. मंडळीच्या इतिहासात हा मोठा दिवस आहे. मोठ्या विद्यापीठांना जे सुचले नाही, ते एका कुंभाराला व एका सुताराला सुचले, आणि सरदाराच्या वाट्याला त्यांची गाडी हाकण्याचा मान आला.

पुढे झिंझेंडॉर्फ यांनी स्वतः पाळकाची दीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्या कुळातील लोकांनी नाके मुरडली. १७३६ साली त्यांना सॅक्सनीतून हद्दपार करण्यात आले. १७३७ साली ते बंधुमंडळीचे बिशप झाले. १७३९ च्या आरंभी ते सेंट थॉमस बेटावर पोचले, तेव्हा तेथील मिशनरी तुरुंगात होते. त्यांच्या शब्दाने ते सुटले. येथे एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. बेट सोडताना त्यांनी गुलामांना असा उपदेश केला की, ख्रिस्ताने त्यांचे आत्मे मोकळे केले असले तरी त्यांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे, आणि ही गुलामगिरी देवानेच नेमलेली आहे. त्या बेटावर मिशनचा स्वतःचा मळा होता, व त्यावर गुलाम होते. ज्यांनी हर्नहूटच्या गोऱ्या कुळांना दास्यातून मोकळे केले, त्यांना काळ्या भावाचे दास्य दिसले नाही. सरदाराच्या डोळ्यांवरचा एक पडदा तसाच राहिला होता. आपल्याही डोळ्यांवर असा पडदा नसेल असे कोणी म्हणू नये. कारण पडदा ज्याच्या डोळ्यांवर असतो त्यालाच तो दिसत नाही.

१७४१ साली सप्टेंबर महिन्यात लंडन येथे भावांची सभा भरली. सर्व मंडळ्यांचे मुख्य वडील म्हणून डोबर काम पाहत होते. ते ओझे त्यांना सोसवेना, म्हणून त्यांनी ते सोडण्याची इच्छा दर्शविली. त्यांच्या जागी कोण, असा विचार सुरू झाला. एकेक नाव पुढे आले, व एकेकाविषयी मन कचरले. शेवटी सर्वांच्या मनात आले की, ही जागा मनुष्याने भरूच नये. प्रभु येशू हाच मंडळीचा मुख्य वडील आहे असे मानून चालावे. ता. १३ नोव्हेंबर रोजी हे सर्व मंडळ्यांना कळविण्यात आले. ज्या जागेसाठी जगातील संस्थांत लोक एकमेकांचे पाय ओढतात, ती जागा त्यांनी धन्यासाठी मोकळी ठेविली. त्यानंतर झिंझेंडॉर्फ अमेरिकेत गेले. १७४२ साली फिलाडेल्फिया येथे त्यांनी आपली काउंट ही पदवी प्रकटपणे बाजूला ठेविली.

वाचकांना वाटेल की, चरित्र येथेच संपावे. पण पदवी टाकणे सोपे, अधिकार टाकणे कठीण. १७४३ साली ते परत आले तो, आपल्या मागे भावांनी आपल्याला न विचारता पुष्कळ निर्णय घेतले आहेत, असे त्यांना आढळले. ते रागावले, व त्यांनी ती व्यवस्था मोडली. मग मंडळीने त्यांना सर्वाधिकार असलेला सेवक असे नाव देऊन सर्व सत्ता त्यांच्या हाती दिली. नाव सेवकाचे, पण हुकूम धन्याचा! नम्रतेच्या शब्दांखाली गर्व किती सहज लपतो, ते येथे दिसते.

याचे फळ कडू आले. हर्नहाग नावाच्या वस्तीत त्यांचा तरुण मुलगा ख्रिश्चन रेनाटुस पुढारी होता. तेथील तरुण मंडळी प्रभूचे लाडके बालक होण्याच्या नावाखाली पोरकट बोलू व वागू लागली. उत्सव, रोषणाई व गोड गोड शब्द यांत पैसा व वेळ उधळू लागला, आणि आपल्यासारखे प्रभूचे आवडते दुसरे कोणी नाही असे त्यांना वाटू लागले. आत्मिक गर्व तो हाच. खुद्द झिंझेंडॉर्फ यांच्या बोलण्यातून ही भाषा निघाली होती. आणि त्यांना अडविण्याचा अधिकार आता कोणा सुताराला किंवा विणकराला राहिला नव्हता. वेळेवर कोणी कान धरू शकले नाही. शेवटी १७४९ साली त्यांचे डोळे उघडले. त्यांनी कडक पत्र लिहून सर्वांना जागे केले, मुलाला लंडनला बोलाविले, आणि या चुकीचे मूळ आपल्याच शब्दांत होते हे कबूल केले. मुलाने मनापासून पश्चात्ताप केला; परंतु १७५२ साली, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी तो वारला. हर्नहागची भरलेली वस्ती तेथील राज्यकर्त्याच्या हुकुमाने रिकामी झाली. मंडळीवर मोठे कर्ज झाले होते. १७५३ साली ते लंडनमध्ये अंगावर आले, तेव्हा झिंझेंडॉर्फ यांनी ते आपल्या शिरावर घेतले. कित्येक वर्षे घराचा व कामाचा पैशाचा कारभार सांभाळून थकलेली त्यांची पत्नी १७५६ साली वारली. बारा मुलांपैकी शेवटी तीन मुलीच उरल्या. पुढल्या वर्षी त्यांनी आना निचमान हिच्याशी विवाह केला. जिच्या गरीब घराण्याला त्यांच्या जमिनीवर आसरा मिळाला होता, तीच आता त्यांच्या घराची स्वामिनी झाली.

त्यांची अखेरची वर्षे हर्नहूटमध्ये साधेपणाने, लेखन व प्रार्थना यांत गेली. ता. ९ मे १७६० रोजी त्यांना देवाज्ञा झाली. तोपर्यंत त्या लहानशा मंडळीने ग्रीनलंडच्या बर्फापासून वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांपर्यंत दोनशेहून अधिक मिशनरी पाठविले होते. त्याच १७६० साली त्यांचे काही भाऊ तरंगमबाडी येथे उतरले. लहान लुडविगने फ्रांके साहेबांच्या मेजावर जे नाव ऐकले होते, तेच हे गाव. पुढे इंग्लंडात विल्यम केरी यांनी मोरावियन भावांच्या हकिकती वाचून, आपल्या लोकांनीही तसेच करावे असा आग्रह धरला, व ते बंगालात आले. त्यांच्या सेरामपूर येथील छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला. तेव्हा त्या कुंभाराची व त्या सुताराची पुण्याई आपल्या महाराष्ट्रालाही पोचली आहे, हे आपण विसरू नये.

हर्नहूटच्या टेकडीवर त्यांची दफनभूमी आहे. तेथे जो ज्या क्रमाने मेला त्या क्रमाने पुरला जातो, आणि सर्वांच्या थडग्यांवर सारखे, जमिनीला लागून असलेले दगड असतात. थोर व लहान यांच्यांत भेद नाही. झिंझेंडॉर्फ यांची व त्यांच्या कुटुंबाची थडगी मात्र मध्यभागी व इतरांहून मोठी आहेत. लोकांनी हे प्रेमाने केले. पण ज्याने मोठेपण टाकावयाचे ठरविले, त्याला मेल्यावरही लोक ते चिकटवितात, हे पाहून आम्हांला वाटते की, गर्वाशी लढताना आपण आपल्या भावांचीही परीक्षा पाहत असतो. उपदेशक बंधूंनो, लोक आपल्याला जो मान देतात, त्याचा थोडा भाग तरी त्यांना प्रेमाने परत देण्यास आपण शिकू या.

आता या चरित्रातून आपल्या लहान मंडळ्यांनी काय घ्यावे? वाडा सोडण्यास आपल्यापाशी वाडा नाही. परंतु ज्या भावाशी आपण बोलत नाही, त्याच्या घरी जाऊन त्याच्या ओट्यावर बसणे आपल्या हातात आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, किंवा त्या सकाळी देवळाच्या वाटेवर, त्याच्याशी समेट करणे आपल्या हातात आहे. दोघातिघांनी आठवड्यातून एकदा दिवा लावून बसावे, एकमेकांजवळ मन उघडे करावे, व आपला दोष दाखविणाऱ्यावर रागावू नये, याला पैसा लागत नाही. पंचांनी पंचायतीला बसताना मुख्य आसन प्रभूचे आहे असे समजून बसावे. मग त्या आसनासाठी भांडण राहणार नाही. आणि पुढाऱ्याला त्याची चूक सांगणारा एखादा सुतार किंवा विणकर नेहमी त्याच्या जवळ असावा. झिंझेंडॉर्फ यांच्या आयुष्यात ज्या काळी असे भाऊ होते, त्या काळी मंडळी वाढली. ज्या काळी नव्हते, त्या काळी ती भरकटली.

सुंभाचा पीळ एकट्याने उलगडत नाही. एक टोक एकाने धरावे लागते व दुसरे टोक दुसऱ्याने. म्हणूनच प्रभूने आपल्याला एकेकटे न ठेवता मंडळीत ठेविले आहे. जो पीळ एका थोर सरदाराच्या मनातून भावांच्या हातांनी हळूहळू सुटत गेला, तो आपल्याही मनातून सोडविण्याची कृपा प्रभु आपल्या सर्व मंडळ्यांना देवो.